पडलेल्या फणसातून तुळई: करवतगिरणीशिवाय, हातहत्यारांनी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक असेल तर ती इथेच कळेल. मंडणगडाकडच्या तुमच्या आजोळच्या घरात माजघरावरची तुळई, म्हणजे वरचा भार पेलणारं आडवं लाकूड, भिंतीतल्या टोकाला कुजली आहे. जुनी तुळई 7 बाय 9 इंची, साडेबारा फूट लांब. परड्यातला जुना फणस गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने उन्मळून पडला. त्याचा 14 फुटांचा सरळ सोट तिथेच आहे, घेर बुंध्याला 5 फूट आणि शेंड्याकडे 50 इंच. खाली रस्त्यापर्यंत पायवाट आणि पायऱ्या, त्यामुळे ओंडका करवतगिरणीत नेणं शक्य नाही. जागेवरच, कुऱ्हाड आणि तासणीने तुळई काढता येईल का, की लाकूड वाळू द्यावं, आणि नवख्या माणसाला जमेल का, असं तुम्ही विचारलंत.

जमेल. आणि वाळू देऊ नका. ओलं आहे तोवरच तासा.

मी राजापूरकडचा. वडिलांच्या हाताखाली काम शिकलो, त्याला चाळीस वर्षं झाली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडापर्यंत आंबे, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या होत्या. त्या वर्षी मी आणि माझ्या सोबतच्या दोघांनी अशाच पडलेल्या झाडांतून जागच्या जागी तुळया आणि खांब काढले. म्हणून जे सांगतो ते हाताखालून गेलेलं सांगतो.

पूर्वीचे लोक झाड पडलं तिथेच का तासायचे, याचं उत्तर वजनात आहे. तुमच्या ओंडक्याचा सरासरी घेर 55 इंच, म्हणजे जाडी साडेसतरा इंच. 14 फुटांत साधारण 23 घनफूट लाकूड भरतं. ओल्या लाकडाचा घनफूट 27 किलोचा धरला तर ओंडका सव्वासहाशे किलोचा झाला. त्यातून 7 बाय 10 ची तुळई काढलीत की उरतं पावणेसात घनफूट, पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो. ओंडका हलवायला यंत्र लागेल, तुळई आठ माणसं खांद्यावरून पायऱ्या उतरवतील. जंगलातून घरापर्यंत फुकटचं लाकूड कशाला वाहायचं, एवढाच त्यामागचा हिशेब. (व्यापारी हाच ओंडका घेराची चौथाई धरून मोजेल आणि 18 घनफूट म्हणेल. त्यात फसवणूक नाही. गोल लाकूड चौकोनी करताना जे जाणार ते त्या मोजणीत आधीच वजा केलेलं असतं.)

हत्याराला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली परवानगीची. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत फणस आहे, तसेच आंबा, साग, ऐन, किंजळ हेही आहेत. झाड आपोआप पडलेलं असलं तरी तुकडे करण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून, लेखी घेऊन ठेवा. नंतर कटकट नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाऱ्याने पडलेल्या झाडात आतून मोड असू शकते. खोड वाकताना एका बाजूच्या धाग्यांवर दाब येतो आणि ते आडवे चुरगळतात. बाहेरून कळतही नाही. साल पूर्ण सोला आणि उन्हं तिरपी असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, सोटाच्या अंगावरून नजर फिरवा. धाग्यांना आडवी जाणारी, सुरकुतीसारखी बारीक रेघ दिसली तर त्या जागेवर तुळई काढू नका. ती तुळई एक दिवस काही न सांगता मोडते. तेवढा भाग कापून उरलेल्याचे उंबरठे, चौकटी करा. निसर्ग वादळाच्या वेळी आम्ही अशा सुरकुतीपायी दोन चांगले जाड सोट सोडून दिले. मालक नाराज झाले, पण डोक्यावर येणाऱ्या लाकडात भीड चालत नाही.

आता ओलं का, ते सांगतो. ओला फणस तासणीखाली दुधी भोपळ्यासारखा कापला जातो म्हटलं तर थोडं जास्त होईल, पण वाळलेल्या फणसाशी तुलना केली तर तसंच वाटतं. वाळल्यावर धार उडी मारते, मनगटं भरून येतात आणि काम दुपटीने लांबतं. शिवाय गोल ओंडका आपापला वाळू दिला तर तो तडकणारच. लाकूड आटतं ते सगळीकडून सारखं नाही. वर्तुळांच्या कडेने जेवढं आटतं, त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. ओढाताण होते आणि बाहेरून गाभ्यापर्यंत उभी भेग पडते. तासून बाहेरचा थर काढलात की ही ओढाताण कमी होते. भेगा पडतील, पण आवाक्यात राहतील. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं छप्पर 15 एप्रिल 2019 ला जळलं. ते पुन्हा उभारताना तिथल्या सुतारांनीही ओल्या ओक लाकडाचे वासे कुऱ्हाडीने तासून घेतले, त्यासाठी मुद्दाम नव्या कुऱ्हाडी घडवून घेतल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये चर्च पुन्हा उघडलं. ज्या देशात हवी तेवढी यंत्रं आहेत तिथल्या जाणत्यांनी जे केलं ते आपण आपल्या परड्यात करतोय.

तुमचा फणस पडून चार-पाच महिने झाले आणि साल अंगावरच आहे, म्हणून साल आजच काढायला हवी. सालीखाली ओल कोंडते आणि भुंगे पांढऱ्या लाकडात शिरतात. फणसाचं बाहेरचं पांढरट लाकूड कच्चं. त्यात पिष्ट असतं आणि किड्याला तेच हवं असतं. आतला पिवळा गाभा, आम्ही त्याला नार म्हणतो, त्याला वाळवीही सहसा तोंड लावत नाही. तुळई पूर्ण नारेतूनच निघाली पाहिजे, कोपऱ्यालासुद्धा पांढरं राहता कामा नये. जुन्या घरात एखाद्या तुळईची एकच कड पीठ झालेली दिसते ना, तिथे सुताराने पांढऱ्या लाकडाचा लोभ केलेला असतो.

हत्यारांचं बोलतो. जास्त लागत नाहीत. एक बऱ्यापैकी वजनाची कुऱ्हाड, एक तासणी, एक वाकस, दोन माणसांनी ओढायची करवत, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), दोरी आणि सात-आठ पाचरी. आमच्याकडे लांब दांड्याची, उभ्याने दोन हातांनी चालवायची ती तासणी आणि बसून एका हाताने चालवायचा तो वाकस. कोणाकडे दोन्हीला एकच नाव असेल, तर दांड्याच्या लांबीवरून ओळखा. पात्याचा उतार दांड्याच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला असतो आणि बाहेरचं अंग सपाट असतं. धार लावताना निसणा, म्हणजे धारेचा दगड, आतूनच फिरवायचा. बाहेरचं अंग घासून गोल केलंत की तासणी लाकडात जायचं सोडून वर घसरते. बाजारातल्या नव्या तासण्या मला मऊ वाटतात. तुमच्या भागात लोहार असेल तर ट्रकच्या जुन्या पाट्याचं पातं करून घ्या आणि त्याला सांगा, पाणी (तापवून पाण्यात बुडवून कडक करणं) धारेपुरतंच दे. सगळ्या पात्याला पाणी दिलं तर गाठीवर आपटून तुकडा उडतो. दांडा धावड्याचा असेल तर उत्तम, तिवसाचाही चालतो.

धार किती हवी? ओल्या फणसाची एक ढलपी घ्या आणि धाग्यांना आडवी कापून बघा. कापलेली जागा गुळगुळीत, जरा चकचकीत दिसली तर धार आहे. केसाळ, फाटल्यासारखी दिसली तर पुन्हा निसण्यावर. काम चालू झाल्यावर आवाजानेही कळतं. धारदार तासणीचा आवाज बारीक आणि लांबट येतो, बोथट झाली की थाड थाड असा भरीव येतो. मी तासाभराने एकदा थांबून धार लावतोच. फणसाचा चीक पात्यावर काळा होऊन बसतो, मुख्यतः सालीतला आणि पांढऱ्या लाकडातला. वाटीत खोबरेल ठेवा आणि फडक्याने पुसत राहा.

आता या सगळ्या कामाचा जीव जिथे आहे तिथे येतो. नवख्याला वाटतं की तासणं म्हणजे हाताचा जोर आणि नेम. तसं नाही. तुळई सरळ निघणार की पिळलेली, हे पहिला घाव घालण्याआधीच, दोन टोकांवरच्या रेघांनी ठरलेलं असतं. हात चुकला तर पाव इंचाची खळी पडते, ती पुढे निघून जाते. टोकाची रेघ चुकली तर सगळी तुळई जाते.

ओंडका दोन आडव्या ठोकळ्यांवर घ्या, जमिनीपासून वीतभर वर. बाक असेल तर तो वर येईल असा फिरवा. तुळई घरात बसवतानाही बाक वरच राहिला पाहिजे, म्हणजे भार आल्यावर ती सरळीकडे येते, खाली झोळत नाही. मग दोन्ही ठोकळ्यांवर दोन्ही बाजूंनी पाचरी ठोका. ओंडक्यावर चढून उभं राहिलं तरी तो केसभर हलता कामा नये. दोन्ही टोकं करवतीने साफ कापून घ्या, म्हणजे वर्तुळं आणि गाभा नीट दिसेल.

शेंड्याकडच्या टोकापासून सुरुवात करा, कारण लाकूड तिथेच कमी आहे. तिथे जे मावेल तेवढीच तुळई. 50 इंची घेर म्हणजे जाडी सोळा इंचाला थोडी कमी. साल जाऊन पंधरा, दोन्ही बाजूंचं पांढरं एकेक इंच गेलं की नारेचं वर्तुळ तेरा इंचांचं. गाभ्याच्या मधल्या बिंदूवर वरून ओळंबा सोडा. दोरी स्थिर होऊ द्या, श्वास रोखून दोन बिंदू उमटवा आणि पट्टीने उभी रेघ ओढा. हीच तुमची आई-रेघ. गुण्याने तिला काटकोनात आडवी रेघ. मग मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच, वर-खाली पाच-पाच. 7 बाय 10 चा चौकोन झाला. त्याचा कर्ण सव्वाबारा इंच, म्हणजे तेराच्या वर्तुळात चारही कोपरे नारेतच राहतात.

तुम्ही म्हणाल, चौरस का नको? त्याच वर्तुळातून साडेआठ-साडेआठची चौरस तुळई निघेल. लाकूड थोडं जास्त लागेल आणि ताकद मात्र कमी मिळेल. तुळईची ताकद रुंदी गुणिले उंची गुणिले पुन्हा उंची अशी जाते. साडेआठचा चौरस 614 भरतो, 7 बाय 10 भरते 700. झोळण्याच्या बाबतीत उंची तीनदा गुणली जाते, म्हणून तिथे 7 बाय 10 एकतृतीयांशाने सरस ठरते. जुन्या सुतारांची एक युक्ती होती. ओंडक्याच्या टोकावर मधोमध आडवी जाडी ओढायची, तिचे तीन सारखे भाग करायचे, एका खुणेवरून काटकोनात वर आणि दुसऱ्या खुणेवरून काटकोनात खाली रेघ ओढायची. त्या रेघा वर्तुळाला जिथे लागतात ते दोन बिंदू आणि जाडीची दोन टोकं जोडली की त्या ओंडक्यातली सर्वांत ताकदवान तुळई मिळते. त्यात उंची रुंदीच्या सुमारे 1.4 पट येते. तुमची 7 बाय 10 त्याच मापाची आहे. वडिलांना गणित येत नव्हतं, पण ही युक्ती ते डोळे झाकून करायचे.

आता बुंध्याच्या टोकाला जा आणि हेच सगळं पुन्हा करा, ओळंब्यानेच. अंदाजाने नाही, शेंड्याकडची रेघ डोळ्याने बघूनही नाही. दोन्ही टोकांच्या उभ्या रेघा दोन्ही ओळंब्याच्या, एवढ्यानेच त्या एकमेकींना समांतर होतात. आणि या दोन रेघांच्या मध्ये ओंडका हलला तर सगळं पुसून पहिल्यापासून. वयाच्या अठराव्या वर्षी मी एक टोक आखून जेवायला गेलो होतो. मधल्या वेळात कोणाचा तरी धक्का लागून एक पाचर सुटली. ओंडका बोटभर फिरला असेल, मला कळलं नाही, मी दुसरं टोक आखलं आणि दोन दिवस तासलं. 16 फुटांची ऐनाची तुळई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड इंच पिळलेली निघाली. ऐन हा असा की वाळल्यावर त्याला तासणी लागत नाही. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तिचे चार उंबरठे केले आणि तेव्हापासून टोकं आखताना मला जेवायला जाऊ दिलं नाही.

टोकं झाली की दोरी. गेरू किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा वाटून पाण्यात कालवा. ओल्या पिवळ्या फणसावर गेरूपेक्षा काळी रेघ चांगली उठते. आमच्या लहानपणी टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूडही वापरायचे. ती आता वापरू नका, कोळसा पुरे. दोन्ही टोकांच्या उभ्या कडा वर जिथे संपतात तिथे दोरी ताणून धरा. दोरी उचलताना सरळ वर, ओळंब्याच्या रेषेत उचला आणि सोडा. अंग गोल आहे, त्यामुळे दोरी जरा तिरकी ओढलीत की रेघ मधे बाहेर किंवा आत जाते आणि टोकं बरोबर असूनही तुळईला पोट सुटतं. 14 फुटांत दोरी एकदम मारू नका. मधे एका माणसाने बोटाने दाबून धरावी आणि दोन अर्ध्या भागांत मारावी.

मग खाचा. ओंडक्याच्या बाजूला, दर फूट-सव्वा फुटाला, कुऱ्हाडीने किंवा करवतीने रेघेपर्यंत खाच घ्यायची, रेघेच्या आत अजिबात नाही. पाव इंच राखून ठेवा. गाठ असेल तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ खाचा घ्या, म्हणजे गाठ सुटी पडते आणि तिच्याभोवती फिरलेले धागे तुळईतलं लाकूड ओढून नेत नाहीत. चेनसॉ असेल तर खाचांसाठी जरूर वापरा, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त तो रेघ ओलांडतो कधी ते कळत नाही, म्हणून इंचभर अलीकडेच थांबा.

खाचांमधले तुकडे उडवताना दिशा पाळा: शेंड्याकडून बुंध्याकडे. का? ओंडका शेंड्याकडे निमुळता आहे आणि धागे सालीला समांतर धावतात. तुमची रेघ मात्र गाभ्याला समांतर आहे. बुंध्याकडून घाव घातला तर धागे पुढे पुढे तुळईच्या आत शिरतात आणि ढलपी निघताना आतलं लाकूड घेऊन निघते. शेंड्याकडून गेलात तर धागे बाहेरच्या बाजूला सुटत जातात, तुकडा स्वतःहून फेकून द्यायच्या लाकडात फुटतो. तरीही फणसाचे धागे कुठे कुठे एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला तुकडा काढल्यावर तिथे वाकून बघा. फाट रेघेच्या आत चालली असेल तर त्या खाचेपुरते उलट बाजूने या. प्रत्येक खाचेला हे बघावं लागतं. यंत्र एका सरळ रेषेत कापतं, धागा कुठे जातो ते बघत नाही. हाताने काम करताना लाकूड ढलपी-ढलपीला सांगत असतं, तेवढं ऐकायचं.

रुंद बाजूंनी, म्हणजे 10 इंची अंगांवर, बुंध्याकडे साडेपाच इंचांच्या आसपास जाडीचा खापा जाणार आहे. तो कुऱ्हाडीने फोडून जाळायला घालणं माझ्या जिवावर येतं. दोन माणसं असतील तर त्या दोन बाजू उभ्या करवतीने कापा: ओंडका उंच घोड्यांवर, एक वर, एक खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो, भुसा खालच्याच्या डोळ्यांत जातो म्हणून त्याच्या डोक्याला फडकं बांधा. त्या खाप्यांतून रिपा, फळ्या, देवघराचा पाट निघेल. हे झेपणार नसेल तर खाचा मारून तासा, काम होईल, फक्त लाकूड जाईल.

बाजूंचं फोडकाम झालं की ओंडका फिरवून तासायचं अंग वर घ्या आणि तासणी हातात घ्या. पाय फाकवून, ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना किंवा एक पाय वर चढवून. जुने लोक अनवाणी तासायचे आणि त्यांच्या नडग्यांवर खुणा असायच्या. तुम्ही जाड बूट घाला. तासणी खांद्यावरून हाणायची नाही. कोपरं अंगाला जवळ, हात मांडीपाशी येऊन थांबतील असा छोटा झोका, आणि पातं लाकडात रुतायच्या ऐवजी सपाट निसटलं पाहिजे. ढलपी दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची, तळहाताएवढी. तीच ढलपी हातात घेऊन बघा: तासलेलं अंग सरळ, कडा न फाटलेली, ताजा हळदी रंग, आणि संध्याकाळपर्यंत तोच रंग तपकिरीकडे झुकलेला. या नारेच्या ढलप्या उकळून पिवळा रंग निघतो; श्रीलंकेकडे भिक्खूंची वस्त्रं त्यात रंगवत आले आहेत. आमच्याकडे त्या बंबात जातात.

रेघ राखून तासा. अर्धी रेघ दिसत राहिली पाहिजे. एक अंग झालं की दोन सारख्या, सरळ पट्ट्या घ्या, एक या टोकाला आडवी, एक त्या टोकाला, आणि बसून डोळा लावा. दोन्हींच्या वरच्या कडा एकमेकींत मिसळल्या तर अंग सरळ. एक कोपरा वर दिसला तर पीळ आहे, तो तिथेच काढा. पहिलं अंग खरं झालं की बाकीची तीन त्याला गुण्या लावून होतात. शेवटी उंच राहिलेल्या जागा वाकसाने घ्या. रंधा मारू नका असं माझं मत आहे. वर जाणाऱ्या तुळईवर तासणीच्या खुणा राहिल्या तर काही बिघडत नाही. खालून दिसणाऱ्या अंगावर त्या मला शोभूनही दिसतात.

दोन सरावाची माणसं ही तुळई दीड-दोन दिवसांत काढतात. तुम्ही आणि सोबत एक जण असाल तर पाच दिवस धरा आणि पहिले दोन दिवस एखाद्या आंब्याच्या फांदीवर हात बसवून घ्या.

काढल्यावर लगेच दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्या. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने उडतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. 14 फूट पूर्ण ठेवा. साडेबारा लागतात, दोन्हीकडचा पाऊण-पाऊण फूट वाढावा भेगांसाठीच आहे, बसवायच्या दिवशी कापा. सावलीत, वारा लागेल अशा जागी, ठोकळ्यांवर, वर झावळ्यांचा आडोसा. ऊन लागू देऊ नका. काही घरांत तुळया आधी तळ्यात बुडवून ठेवायचे, त्याने पिष्ट धुपून जातं आणि कीड कमी लागते. तुमची तुळई निव्वळ नारेची असल्याने त्याची गरज नाही. पण कोणी खाडीत टाका म्हणालं तर टाकू नका, खाऱ्या पाण्यातला किडा लाकडाची चाळण करतो.

7 इंची लाकूड पूर्ण वाळायला वर्षं लागतात, तेवढं थांबायचं नाही. शिमग्यापर्यंत वाळलं तरी मेच्या आत बसवता येईल. तुमचे खांब जुने, खडखडीत वाळलेले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. वाळलेल्या खांबाचा कुसू (खांबाच्या डोक्यावर राखलेला खुंट) ओलसर तुळईच्या भोकात गेला की तुळई आटताना त्याला आवळून धरते. भोक मात्र तुळईच्या लांबीच्या दिशेने जरा सैल ठेवा, रुंदीच्या दिशेने नेमकं. भिंतीत जाणारं टोक मातीत चेपू नका. जुनी तुळई तिथेच कुजली, कारण भिंतीची ओल तिला सोडत नव्हती. टोकाखाली सपाट जांभा दगड द्या आणि तिन्ही बाजूंना बोटभर वाऱ्याची जागा ठेवा.

पहिल्या उन्हाळ्यात तुळई आवाज करील, एखाद्या रात्री दचकवेलही. अंगावर लांबीत उभी भेग दिसेल, बोटाचं टोक जाईल एवढी. ती भेग तुळईच्या लांबीत सरळ असेल तर राहू द्या, तिच्यात काही भरू नका. तिरकी जाऊन खालच्या कडेबाहेर पडणारी भेग असेल तर मात्र त्याच दिवशी खाली टेकू लावा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

एक राहिलं. घेर तुम्ही सालीसकट मोजला असं धरून मी 7 बाय 10 म्हटलं. साल काढून 50 इंच असेल तर नारेचं वर्तुळ चौदा इंचांच्या जवळ जातं आणि 8 बाय 11 सुद्धा निघेल. पण घेरावरून केलेल्या हिशेबावर विसंबू नका. शेंड्याचं टोक कापल्यावर पिवळा गाभा जिथे पांढऱ्याला लागतो तिथून तिथपर्यंत चार दिशांनी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा.